पाण्याचे धनी, पापाचे धनी

मराठीत ‘पापाचा धनी’ असा एक शब्दप्रयोग आहे. धनी म्हणजे मालक. जमिनीला, गुराढोरांना, वाड्याला जसा मालक असतो तसाच पापालाही असतो, अशी कल्पना या शब्दामागे आहे. एखाद्या अपकृत्याचा विचार करताना आपण नकळत तीन गोष्टी गृहीत धरतो : कोणीतरी ते केले, ते अमुक एक कृत्य होते, आणि त्यामुळे कोणाचे तरी वाईट झाले. या तिहींना जोडणारा धागा सापडला की न्याय करता येतो. स्मृतिग्रंथांतील प्रायश्चित्ते, आजचे कायदे आणि घरातील वडीलधाऱ्यांचे रागावणे ही तिन्ही याच धाग्यावर चालतात. परंतु एखादे अपकृत्य असे असेल की ज्याचे कर्ते हजारो आहेत, प्रत्येकाचे कृत्य स्वतंत्रपणे पाहता निरुपद्रवी आणि कायदेशीर आहे, ज्याला इजा व्हावयाची तो कदाचित अजून जन्मलेलाही नाही, आणि मधला धागा जमिनीखालच्या अंधारातून वर्षानुवर्षे सरकत जाणारा आहे, तर त्या पापाचा धनी कोणाला म्हणावे? भूजलात वाढत चाललेल्या नायट्रेटचा प्रश्न वरवर पाहता रसायनशास्त्राचा आणि शेतीचा दिसतो. तो तितकाच नीतिशास्त्राचाही आहे, आणि त्या अंगाने त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. नत्र हे पिकाचे अन्न. शेणखत असो, सोनखत असो वा युरिया असो, मातीतले सूक्ष्म जीव त्यातील नत्राचे आधी अमोनियममध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पिकाची मुळे मुख्यतः हे नायट्रेटच शोषून घेतात. अमोनियमवर धन विद्युत्‌भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे माती अमोनियम धरून ठेवते. नायट्रेटवरचा भार मात्र ऋणच असल्याने मातीचा त्याच्यावर काही ताबा राहत नाही. मुळांनी जे उचलले नाही ते पावसाच्या किंवा ओलिताच्या पाण्याबरोबर खाली निघून जाते. त्याला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात आढळते तेवढ्या प्रमाणात चवही नाही. पाणी उकळले तर जंतू मरतात. नायट्रेट मात्र तेवढेच राहते आणि पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. आपल्या आयांनी-आज्यांनी पाणी शुद्ध करण्याच्या ज्या रीती शिकवल्या, गाळणे, उकळणे, तुरटी फिरवणे, त्यांपैकी एकीचाही येथे उपयोग होत नाही.

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे आणि तिच्यात सवलत ठेवलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातून तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ २० टक्के नमुने या मर्यादेच्या वर होते. अशी पाण्याची ठिकाणे आढळलेल्या जिल्ह्यांची संख्या २०१७ साली ३५९ होती, ती २०२३ साली ४४० झाली. महाराष्ट्रात मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक, तर मध्य प्रदेशात २२ टक्क्यांहून अधिक निघाले.

या ४५ मिलिग्रॅमचा अर्थ कळावा म्हणून एक साधा हिशेब करू. युरियाची गोणी ४५ किलोंची. त्यात सुमारे ४६ टक्के, म्हणजे २० किलोंहून थोडे अधिक नत्र. ते सगळे नायट्रेट झाले तर ९० किलोंच्या आसपास नायट्रेट तयार होते. तेवढे नायट्रेट वीस लाख लिटर निर्मळ पाणी मर्यादेपर्यंत आणून पोचवू शकते. पीक त्यातले बरेचसे उचलते, काही हवेत जाते. पण गोणीचा फक्त पाचवा हिस्सा पाझरला तरी चार लाख लिटरांचा प्रश्न उरतो. आणि हे केवळ शेतकऱ्यापुरते नाही. पाच माणसांच्या कुटुंबाच्या मलमूत्रातून वर्षाकाठी शोषखड्ड्यात जाणारे नत्र अर्ध्या गोणी युरियाहून कमी भरत नाही. ज्या वसाहतीत हजार घरांखाली हजार शोषखड्डे आहेत, तिने युरियाची एक गोणीही विकत न घेता जमिनीखाली पाचशे गोण्या ओतल्यासारखेच आहे.

या पाण्याने अपाय कोणाला होतो? अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली तान्ह्या मुलांच्या एका विचित्र आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. बाळे निळसर पडत होती; हृदयात वा फुप्फुसात दोष सापडत नव्हता. त्यांना पाजले जाणारे वरचे दूध ज्या विहिरीच्या पाण्यात कालवले जात होते, त्या पाण्यात नायट्रेट भरमसाट होते. बाळाच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, ते रक्तात उतरते, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास नालायक करून टाकते. पुढील संशोधनात आतड्यांच्या संसर्गाचाही यात वाटा असल्याचे दिसून आले, तरी वरचे दूध पिणारी तान्ही मुले हीच सर्वांत धोक्यात असतात ही गोष्ट कायम राहिली. आईच्या अंगावर पिणारे मूल बहुधा सुरक्षित असते. मोठी माणसे तेच पाणी पितात आणि त्यांना काही जाणवत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबावेसे वाटते. आपली बहुतेक नीती ‘आत्मौपम्या’वर उभी आहे : जे मला दुखते ते दुसऱ्यालाही दुखत असेल, म्हणून ते करू नये. येथे मात्र स्वतःवरून दुसऱ्याची परीक्षा होत नाही. बाप पाणी पितो, आजोबा पितात, सगळे ठणठणीत असतात. आणि त्यांच्या ठणठणीतपणाचा पुरावा घरातल्या सर्वांत लहान जिवाच्या विरोधात जातो. ‘आम्ही जन्मभर हेच पाणी प्यालो’ हे वाक्य जुन्या घरांतून अभिमानाने उच्चारले जाते. पण विहीर तीच असली म्हणून पाणी तेच आहे असे ठरत नाही.

आता कर्त्याचा शोध घेऊ. माळव्यातील एखाद्या मध्यम गावाची विहीर डोळ्यांपुढे आणावी. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात गहू. गव्हाला युरिया. वरच्या अंगाला गोठे आणि उकिरडे. गावात नवी पक्की घरे, प्रत्येकाला संडास आणि त्याचा खड्डा. उघड्यावरची घाण गेली, ही गोष्ट चांगलीच झाली. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो आणि उन्हाळाभर मातीत साठलेले नायट्रेट बरोबर घेऊन जातो. खाली मुरूम, त्याखाली चिरफळलेला बेसाल्ट. पुढच्या काही वर्षांत विहिरीचे पाणी लिटरमागे ३० मिलिग्रॅमवरून ४० वर, ४० वरून ५० वर जाते. आता विचारावे की हे कोणी केले? शेतकरी म्हणेल, माझे खत सरकारमान्य आहे. गोठ्याचा मालक म्हणेल, शेणाचा उकिरडा तर पणजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. घरमालक म्हणेल, खड्डा योजनेतूनच बांधला. प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे. मर्यादा ओलांडणारा पंचेचाळिसाव्यापुढचा तो एक मिलिग्रॅम नेमका कोणाचा, हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकणार नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की ज्याचा वाटा दाखवता येत नाही त्याचा दोषही नाही. हा युक्तिवाद मोहक आहे, पण तो मान्य केला तर हजार शून्यांची बेरीज करून विहीर मात्र नासलेली, असा विपरीत हिशेब मांडावा लागतो. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांना काटकसर शिकवताना सांगतो. तिच्यातले गणित पुण्याला लागू आणि पापाला गैरलागू, असे कसे म्हणता येईल?

कायद्याने या प्रश्नाशी झुंज दिलेली आहे, आणि त्याचा प्रवास उद्बोधक आहे. इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्ड येथील एका दारू गाळणाऱ्याची विहीर होती, आणि तिच्यापासून ९९ यार्डांवर शेजाऱ्याची. शेजाऱ्याने आपल्या विहिरीत घरातील मैला सोडण्यास सुरुवात केली. जमिनीखालचे पाणी एकच असल्याने दारूवाल्याची विहीर नासली. खालच्या न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला, कारण जमिनीखाली पाझरणाऱ्या पाण्यावर कोणाचीच मालकी नसते असे इंग्रजी कायदा मानत आला होता. आणि जे माझे नाही ते नासले अशी तक्रार मी कशी करणार? वरच्या न्यायालयाने १८८५ साली हा निर्णय फिरवला. बॅलार्ड विरुद्ध टॉमलिन्सन या नावाने तो खटला ओळखला जातो. न्यायालयाच्या विचाराचा सारांश असा की पाणी कोणाचेच नाही, म्हणूनच ते उपसण्याचा हक्क सर्वांना आहे. आणि जे सर्वांनी उपसावयाचे ते नासवण्याचा हक्क कोणालाही नाही. मालकीच्या अभावातून कर्तव्याचा जन्म व्हावा, ही कल्पना त्या व्यापारी शतकात थोर म्हटली पाहिजे. आपल्याकडे १८८२ चा सुविधाधिकार कायदा मात्र जमीनमालकाला आपल्या हद्दीतील पाझरते पाणी हवे तसे काढण्याची मोकळीक देणारा, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे ‘माझी जमीन, माझी विहीर’ हीच आपली धारणा राहिली.

त्यानंतर शतकाने केंब्रिज वॉटर कंपनीचा खटला उभा राहिला. एका चामड्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षे थोडे थोडे सांडलेले द्रावण जमिनीत मुरून सुमारे दोन किलोमीटरवरच्या विंधन विहिरीत उतरले होते. धागा सापडला होता, कर्ता एकच होता. तरीही १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सने कारखान्याला जबाबदार धरले नाही. कारण असे की ज्या काळी द्रावण सांडत होते त्या काळी त्याचा असा परिणाम होईल हे कोणाही समंजस माणसाला आधी कळण्यासारखे नव्हते. जे कळणे शक्यच नव्हते त्याचा दोष देता येत नाही. आपल्याकडे उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी तांबूस झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली, ज्याने दूषित केले त्याने भरपाई करावी, हे तत्त्व ठामपणे लागू केले. तेथे पाण्याला रंग आला होता आणि कारखान्याला पाटी होती. नायट्रेटला रंग नाही, आणि लाखो शेतांना व शौचकूपांना पाटी नाही.

तात्पर्य, कायद्याच्या हाती दोन कसोट्या आहेत : धागा दिसला पाहिजे, आणि परिणाम आधी कळण्यासारखा असला पाहिजे. पहिल्या कसोटीवर नायट्रेटचा प्रश्न कधीच उतरणार नाही. दुसऱ्या कसोटीचे काय? येथे भूजलशास्त्रातील एक संकल्पना नीतीच्या दारात येऊन उभी राहते. तिला आपण भूजलाची दूषणप्रवणता म्हणू. पृष्ठभागावर पडलेला मळ जमिनीखालच्या पाण्यापर्यंत किती सहज पोचेल याचे ते मोजमाप. फ्रेंच भूजलशास्त्रज्ञ झां मार्गा यांनी १९६८ च्या सुमारास ही कल्पना मांडली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेसाठी १९८७ साली तयार झालेली ‘ड्रास्टिक’ ही पद्धत आज जगभर वापरली जाते. पाण्याची खोली, पावसाचे मुरणे, जलधर खडकाचा प्रकार, माती, जमिनीचा उतार, मधल्या कोरड्या थराची जात आणि खडकातून पाणी वाहण्याचा वेग, अशा सात गोष्टींना गुण देऊन ती एखाद्या प्रदेशाचा नकाशा रंगवते : इथे जमीन झाकून घेईल, इथे घेणार नाही.

आपण ज्या ज्या गावी पिढ्यान्‌पिढ्या राहिलो त्यांच्या पायाखालची भूमी या दृष्टीने एकसारखी नाही. इंदूर-देवासचा आणि बेळगावच्या बऱ्याच भागाचा बेसाल्ट काळा, भक्कम दिसतो, पण त्याच्या भेगांतून पाणी वेगाने धावते. गोव्याचा जांभा छिद्राछिद्रांचा; वर पडले ते लवकर खाली उतरते. हैदराबादचा ग्रॅनाइट वरून कुजून भुसभुशीत झालेला, खाली चिरांतून पाणी धरणारा. ग्वाल्हेरला एकीकडे वालुकाश्म, दुसरीकडे नद्यांनी आणलेला गाळ. बडोद्याच्या भूमीखाली गाळाचे थरांवर थर, तेथे चिकणमातीच्या पट्ट्यातून पाण्याला उतरण्यास बराच काळ लागतो. वंशावळ्या आपण जपून ठेवल्या आहेत, कुलदैवते ठाऊक आहेत, जहागिरीच्या सनदा पेटीत आहेत. मात्र ज्या भूमीने आपल्याला पाणी पाजले ती झाकणारी आहे की उघडी, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

वाचकांना वाटेल की लवकर नासणारी भूमी वाईट आणि उशिरा नासणारी चांगली. नीतीच्या दृष्टीने मात्र हा निवाडा इतका सरळ नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडूच्या खडकात नायट्रेट वर्षाला साधारण एक मीटर या गतीने खाली सरकते. पाण्याची पातळी तीस-चाळीस मीटर खोल असेल तर आज विहिरीत येणारे नायट्रेट तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या शेतांतले असते. युरोपीय समुदायाने १९९१ साली नायट्रेटविषयी निर्बंध घातले, प्रवण क्षेत्रे आखली, शेतकऱ्यांनी खत कमी केले. तरी अनेक विहिरींतले नायट्रेट पुढे कित्येक वर्षे वाढतच राहिले. आधीच्या पिढीचे येणे अजून वाटेत होते. भेगाळ खडकाची भूमी भोळ्या माणसासारखी असते. आपण काय केले ते लगेच बोलून दाखवते, आणि आपण सुधारलो तर लवकर विसरतेही. जाड गाळाची भूमी सोशिक माणसासारखी. ती बरेच दिवस काही म्हणत नाही. तिच्या गप्प बसण्याचा अर्थ आपण संमती असा घेतो, आणि तिची सहनशक्ती संपते तेव्हा तक्रार ऐकायला आपण उरलेले नसतो.

या नकाशाने एक मोठा नैतिक बदल घडवून आणला आहे. केंब्रिजच्या कारखान्याला जी सबब देता आली ती आपल्याला आता देता येणार नाही. अमुक भूमीवर अमुक इतके नत्र टाकले तर ते पाण्यात उतरणार, हे आधी कळण्यासारखे झाले आहे. किंबहुना कळलेलेच आहे. कोणाचा मिलिग्रॅम कोणता हे कधीच कळणार नाही, पण सगळ्यांचे मिळून काय होणार हे आधीच माहीत आहे. ज्ञान हाती येईपर्यंत जो अपघात होता, तो ज्ञान आल्यानंतर निर्णय ठरतो. नकाशा न पाहण्याचा निर्णय हाही एक निर्णयच.

आपल्या परंपरेत या ज्ञानाला जोडून घेता येईल असे काही आहे काय? आहे, पण ते डोळसपणे घेतले पाहिजे. विहीर, तळे, बाग, धर्मशाळा या गोष्टींना धर्मशास्त्राने ‘पूर्त’ म्हटले. विहीर बांधून झाली की तिचा ‘उत्सर्ग’ करावयाचा. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात यावर ‘उत्सर्गमयूख’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. परप्रांती रुजलेल्या मराठी घराण्यांच्या परंपरेत नीलकंठ भट्ट आपले पूर्वसूरीच म्हणावयाचे. दान आणि उत्सर्ग यांतला भेद महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विशद केला आहे. दानाला घेणारा असतो. एकाचे स्वामित्व जाते आणि दुसऱ्याचे येते. उत्सर्गात स्वामित्व सोडले जाते आणि वस्तू सर्व भूतांसाठी मोकळी होते. बांधणाऱ्यालाही त्या विहिरीचे पाणी पिता येते, पण इतर सर्वांपैकी एक म्हणून. ब्रेंटफर्डच्या खटल्यात जी कल्पना न्यायाधीशांना अवघड वाटेने गाठावी लागली, तिच्या अगदी जवळ हा विधी आधीच पोचलेला होता.

तथापि या वारशाचा गौरव करताना त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ‘सर्व भूतांसाठी’ सोडलेल्या पाण्यावर सर्व माणसांनाही जाता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जावे लागले ते याचसाठी. त्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, आणि माणसाच्या ओंजळीने मात्र ते बाटत होते. म्हणजे पाण्याच्या शुद्धतेविषयी आपल्याइतका विचार क्वचितच कोणी केला असेल, आणि तोच विचार चुकीच्या जागी इतका खर्च करून टाकला असेल! स्पर्शाने पाणी विटाळत नाही, तेथे आपण विटाळ पाहिला. विहिरीपासून पंधरा पावलांवरच्या शौचकूपातून आणि परसातल्या उकिरड्यातून ते खरोखर दूषित होत होते, तेथे आपल्याला काही दिसले नाही. विटाळाच्या कल्पनेत दोष नेहमी दुसऱ्याचा असतो, बाहेरून येणाऱ्याचा. दूषणाच्या शास्त्रात तो बहुधा आपल्याच परसातून निघतो. हा फरक पचनी पडणे हे मला या विषयातले सर्वांत कठीण नैतिक काम वाटते.

मग भार कोणी उचलावा? सोपे उत्तर असे की शेतकऱ्याने युरिया कमी टाकावा. ते अर्धवट आहे आणि थोडे अन्यायाचेही आहे. शासनाने १ एप्रिल २०१० पासून स्फुरद आणि पालाश यांचे अनुदान पोषणद्रव्यांवर बांधले, युरियाला त्यातून वगळून त्याची किंमत अगदी खाली ठेवली. ४५ किलोंची गोणी अडीचशे-पावणेतीनशे रुपयांत मिळत असताना, आणि इतर खते कित्येक पटींनी महाग असताना, लहान शेतकरी युरियाकडे वळतो यात त्याचा अविवेक किती आणि धोरणाचा किती? त्या युरियावर पिकलेला स्वस्त गहू शहरात आपण खातो. लाभ सर्वत्र पांगला, आणि हानी त्या एका गावच्या विहिरीत साठली. ज्यांची भूमी उघडी, त्यांच्यावर निर्बंध आणि बाकीच्यांना मोकळीक, असे केले तर निसर्गाच्या विषमतेवर आपण माणसाची विषमता चढवू. जर्मनीतील म्यूनिक शहराने येथे एक मार्ग दाखवला. ज्या मांगफाल खोऱ्यातून शहराचे पाणी येते, तेथील शेतकऱ्यांना सेंद्रिय शेतीकडे वळण्यासाठी शहराने १९९२ पासून पैसे देऊ केले. पिणाऱ्याने पिकवणाऱ्याचा भार वाटून घेतला. यात उपकार नाही, केवळ हिशेबाचा चोखपणा आहे.

आपल्या शहरांची अडचण वेगळी आहे. म्यूनिकला आपले पाणी कोणत्या शेतांखालून येते हे ठाऊक आहे. इंदुरात १९७८ साली सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून नर्मदेचे पाणी चढवून आणले गेले आणि शहराचा आपल्या भूमीशी असलेला पाण्याचा संबंध क्षीण झाला. ज्यातून आपण पीत नाही त्याची काळजी कशाला, असे मन म्हणते. वाड्यांतल्या विहिरी झाकल्या गेल्या, काहींत भर पडली, काहींत सांडपाणी सोडले गेले. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीच्या दिवशी इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरातील झाकलेल्या बावडीवरचा स्लॅब कोसळून ३६ माणसे दगावली. झाकलेली बावडी नाहीशी होत नाही, एवढी गोष्ट त्या दिवशी शहराला फार मोठी किंमत देऊन कळली. भूजलाचेही असेच आहे. आपण पिणे थांबवले म्हणून ते संपले नाही. शहराच्या कडेला ज्यांच्यापर्यंत नळ पोचला नाही त्या वस्त्या, उताराच्या खालच्या अंगाची गावे आजही तेच पितात. ज्याने विहीर सोडली त्याने तिचा हक्क सोडला. तिच्यात मुरणाऱ्या मळाची जबाबदारी मात्र सोडता येत नाही. उत्सर्गाच्या विधीत हे वाक्य नव्हते. आपण ते जोडून घ्यावयास हवे.

म्हणून जबाबदारीची कसोटीच बदलावी असे मी सुचवतो. कोणाचा किती वाटा सिद्ध झाला हे पाहण्याऐवजी, कोण या भूमीवर नत्र सोडतो आणि त्यापासून लाभ घेतो, हे पाहावे. त्यात शेतकरी आला, पोळी खाणारा आला, संडास वापरणारा आला, म्हणजे कोणीच सुटला नाही. आणि म्हणूनच कोणा एकाकडे बोट दाखवण्याची गरज उरली नाही. कर्तव्ये साधी आहेत. विहिरीचे वा बोअरचे पाणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासून घेणे आणि आकडा शेजाऱ्यांना सांगणे. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला न ठेवणे आणि टाकी वेळेवर उपसणे. उकिरड्याला पक्का तळ आणि वर आच्छादन देणे. युरिया एकदम न टाकता पिकाच्या भुकेप्रमाणे हप्त्याहप्त्याने देणे. घरात बाळाला वरचे दूध द्यायचे असेल तर पाण्याचा आकडा ठाऊक असल्याखेरीज ते त्या पाण्यात न कालवणे. आणि आपल्या नगरपालिकेला, आपल्या जिल्ह्याला एक प्रश्न विचारत राहणे : आमच्या पायाखालच्या भूमीचा दूषणप्रवणतेचा नकाशा कोठे आहे, आणि नवी वसाहत मंजूर करताना तो कोणी पाहिला?

यातील एकही कर्तव्य पार पाडल्याचे श्रेय कोणाला मिळणार नाही. ज्याप्रमाणे नासण्यातला आपला मिलिग्रॅम ओळखता येत नाही, त्याप्रमाणे निर्मळतेतलाही ओळखता येणार नाही. विहीर बांधणाऱ्याचे नाव शिलालेखावर कोरले जाई; विहीर न नासवणाऱ्याचा शिलालेख कोणी पाहिलेला नाही. वीस-तीस वर्षांनी एखाद्या खेड्यात एक बाळ दूध पिऊन शांत झोपेल, त्याचे ओठ गुलाबी असतील, आणि ते तसे का आहेत हा प्रश्न त्याच्या आईच्या मनातही येणार नाही. धनी नसलेल्या पापावर उतारा शोधायचा तर तो धनी नसलेल्या पुण्यातच शोधावा लागेल, आणि तेवढे पुण्य गाठीला नावावाचून बांधण्याची आपली तयारी असली पाहिजे.